डिपर

जीपच्या मागे घरसामानाने भरलेली लांबलचक ट्रॉली जोडलेली होती. ट्रकला ओव्हरटेक करूनही जीपवाला पुन्हा डावीकडे आत यायला बिचकत होता. ट्रॉलीचं शेपूट ट्रकच्या पुढे निघालं की नाही, याचा त्याला अंदाज येईना. ट्रकड्रायव्हरने वेग कमी करून हेडलाइटची उघडझाप करत डिपर मारला.

"हे कशाला?" शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं.

"ये बाबा आत, रस्ता मोकळा आहे, म्हटलं त्याला."

जीप निर्धास्तपणे डावीकडे वळली. तेवढ्यात ट्रकच्या डावीकडून पुढे घुसलेली स्कूटर ट्रॉलीच्या धक्क्याने ट्रकसमोरच आडवी झाली. ड्रायव्हरने जीव खाऊन ब्रेक दाबला, तरी चाक स्कूटरवाल्यावरून गेलंच.

"तुम्हीच बोलावलंत हो त्याला," बायको पुटपुटली.

ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. पुढे निघून गेलेल्या ट्रॉलीचे दिवे दोनदा लुकलुकले. जीपवाल्याने थँक्यू म्हटलं होतं.