वाटणी सामाईक फोल्डरची

“दुपारच्या जेवणाआधी तुझं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर एकटं उभं राहिलं, तर तुझा धंदा वेगळा. नाही राहिलं, तर गपगुमान माझ्या हाताखाली काम करायचं. कबूल?” दादा म्हणाला.

“कबूल,” धाकटी म्हणाली. तिला कसली भीती! दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं ते सॉफ्टवेअर तिनं स्वतः लिहिलं होतं. दादाचं होतं दुकानांच्या बिलांचं. दोघांचे प्रोजेक्ट एकाच मोठ्या सामाईक फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदत होते, आणि दादा उठता-बसता ऐकवायचा, “माझ्या जिवावर चाललंय तुझं.” ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तिला स्वतःच्या नावाचा धंदा हवा होता, बस्स.

तिनं आपला प्रोजेक्ट तेवढा नव्या कॉम्प्युटरवर नेला. पॅकेज मॅनेजर नावाच्या प्रोग्रॅमनं प्रोजेक्टच्या यादीतल्या सगळ्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार कोड, भराभर आणून बसवल्या. तिनं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि पडद्यावर लाल ओळ आली. तारखांची लायब्ररी सापडत नाही.

“घ्या!” दादानं टाळी वाजवली. “बोलाचीच कढी!”

तिनं ती लाल ओळ पुन्हा वाचली. मग तिला हसूच फुटलं. लायब्ररी आधी प्रोजेक्टच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधली जाते. तिथं नसली, तर एक पायरी वर, सामाईक फोल्डरमध्ये. आपल्या खोलीत कात्री नसली की आपण बाहेरच्या खोलीतलं कपाट उघडतो ना, तसंच. ही लायब्ररी मागवली होती दादाच्या प्रोजेक्टनं. मॅनेजरनं ती वर नेऊन ठेवली आणि हिचं काम इतके दिवस तिथून बिनबोभाट भागत गेलं. आपल्या यादीत त्या लायब्ररीचं नाव घालायचं राहूनच गेलं होतं.

तिनं यादीत एक ओळ घातली. मॅनेजर पुन्हा चालवला. अपॉइंटमेंटचं पान झोकात उघडलं.

“ही चीटिंग आहे. ती लायब्ररी माझी!”

“तुझी कसली डोंबलाची! कुणालाही फुकट मिळते ती. तू आधी मागवलीस, एवढंच. चूक माझी होती, मी निस्तरली. आता तुझं दाखव. माझा प्रोजेक्ट काढून टाक आणि सगळं नव्यानं बसव.”

“त्यात काय दाखवायचंय?” म्हणत दादा ऐटीत खुर्चीत बसला. तिचा प्रोजेक्ट त्यानं काढला, सामाईक फोल्डरमधल्या सगळ्या लायब्ऱ्या पुसल्या, मॅनेजर चालवला आणि बिलांचं सॉफ्टवेअर सुरू केलं.

एक लाल ओळ आली. मग दुसरी. मग पडदाच भरला. छपाईची लायब्ररी नाही. पासवर्डची नाही. नकाशांची, संदेशांची, कशाचीच नाही. त्या सगळ्या इतके दिवस धाकटीच्या यादीतून येत होत्या. धाकटी आतून जाम खूश होती. दादानं ओळी वर सरकवल्या, खाली सरकवल्या, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचल्या. त्या काही कमी होईनात.

“छोटे,” तो शेवटी अगदी मऊ आवाजात म्हणाला, “वेगळं व्हायलाच पाहिजे का गं?”