जाळी आपण काढली

"संचालक कशासाठी व्हायचंय आपल्याला?" दिगंबररावांनी तिसऱ्यांदा विचारलं. "पहिली दोन उत्तरं छापील होती. ती अर्जातच वाचलीत मी."

मांडीवरच्या पर्सवर नीरजाने दोन्ही हात ठेवले होते, निजलेल्या लेकरावर ठेवावेत तसे.

"चहा सांगितलेला नाही," ते म्हणाले. "इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं."

निवड समितीतल्या दोघांच्या सह्या झाल्या होत्या. उरली होती अध्यक्षांची. ती झाली नाही, तर भोसरीच्या या कारखान्याच्या बोर्डावर नीरजाला जागा नव्हती. टेबलाच्या टोकाला कंपनीची सचिव अपूर्वा सगळं लिहून घेत होती. ती इथे नवीन होती.

"कामगारांची सुरक्षितता हा..."

"भाषण नको. भाषणं आपण गावभर करता. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. मग संचालकांची परीक्षा दिलीत, दोन किरकोळ कंपन्यांच्या बोर्डांवर बसून आलात. अकरा वर्षं एकेक पायरी चढत या टेबलाकडे येताय. का?"

"संपतसाठी."

अपूर्वाचं पेन थांबलं.

"लिहा, लिहा," दिगंबरराव हसले. "आता खरं निघालं. संपत म्हणजे चार नंबरच्या प्रेसवरचा कामगार. यवतमाळकडचा. हात आत जाऊ नये म्हणून लावलेली प्रेसची जाळी काढून काम करत बसला आणि उजवा हात घालवला. मी तेव्हा इथे मॅनेजर होतो. या बाई सुरक्षेचे वर्ग घ्यायच्या. कामगारांकडून गाणी म्हणून घ्यायच्या."

"ओवी होती," नीरजा म्हणाली. "दहा बोटं, दहा दिवे, आपण जपू जीवेभावे."

"वा. त्यातले पाच विझले."

प्रेस खाली यावा तसा तो शब्द आला. नीरजाने तो अंगावर घेतला. खिडकीबाहेर पाळी सुटल्याचा भोंगा वाजला, विरत गेला.

"त्याच्या दाखल्यावर ‘स्वतःच्या चुकीने’ असं लिहिलंत," ती म्हणाली. "एकाही कारखान्याने त्याला गेटच्या आत घेतलं नाही. आता विश्रांतवाडीहून मंडईत येतो, डाव्या हाताने लिंबं निवडतो. त्याची मुक्ताई बारावीला आहे. मागच्या महिन्यात तिने माझ्यासमोर विचारलं, बाबा, जाळी तुम्हीच काढली होती का?"

"मग? काय म्हणाला?"

"लिंबं निवडत राहिला."

"बरोबर आहे. काय बोलणार? कबुली दिलीय त्याने." दिगंबररावांनी समोरची फाइल उघडली. पान आधीच खूण घालून ठेवलेलं होतं. "हॉस्पिटलमधला जबाब. ‘जाळी आपण काढली.’ तो सांगत होता, आपण लिहून घेतलंत; अक्षर आपलंच आहे. ओळखता येतंय ना?"

"येतंय. पण ‘आपण’ म्हणजे ‘मी’, हे चौकशीने धरलं."

"मग काय धरायचं? टपरीवर म्हणतात ना, ‘आपल्याला नाय जमत.’ तसं. शिवाय जाळीचे बोल्ट त्याच्या खिशात सापडले."

"दोन. जाळीला चार असतात."

"उरलेले कुठे गेले ते त्याला सांगता आलं नाही."

"सांगता आलं नाही, की सांगितलं नाही?"

दिगंबररावांनी फाइल मिटली.

"मी चार पत्रं पाठवली," नीरजा म्हणाली. "बंद झालेली चौकशी फक्त बोर्डच उघडू शकतं, असं उत्तर आलं. खाली सही आपली. म्हणून बोर्डावर यायचंय. पहिल्या बैठकीत पहिला विषय तोच असेल. दुसरी कुठलीही हौस नाही मला."

"अपूर्वा, आता लिहू नका."

ते उठून उभे राहिले.

"सरळ बोला ना, बाई. ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही.’ खाटेपाशी मी उभा होतो, तो मला म्हणाला. हेच सिद्ध करायचंय ना तुम्हाला? अकरा वर्षं माझ्यावर डूख धरून बसलात! अपघाताच्या दिवशी प्रेसवर फोन करून मी एवढंच म्हणालो होतो, माल संध्याकाळी निघालाच पाहिजे. जाळी काढा असं म्हणालो नव्हतो. फोन कोणी उचलला तेसुद्धा आठवत नाही मला."

"मला आठवतं."

"मग सांगा की बोर्डाला! साक्षीदार आणा. माझ्या तोंडून ‘जाळी’ हा शब्द निघाला होता का, विचारा त्याला."

"नव्हता निघाला. माहीत आहे मला."

दिगंबरराव बघत राहिले.

"माहीत आहे?"

"आठवून बघा," नीरजा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, जात्याची घरघर थांबता थांबता येते तसा. "संपत आपल्याला काय म्हणायचा?"

"मोठे साहेब म्हणायचा."

"आणि?"

"तुम्ही म्हणायचा. तुम्ही असं म्हणाले, तुम्ही तसं म्हणाले."

"कधी ‘आपण’?"

ते हळूहळू खुर्चीत बसले. "नाही. कधीच नाही."

"जबाब देताना तो आपल्याकडे बघतही नव्हता."

अपूर्वाने मिटलेली फाइल ओढून घेतली आणि जबाबाचं पान पुन्हा उघडलं.

नीरजाने पर्सची चेन ओढली. आतून गाठ मारलेला रुमाल काढला. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. मग तिने दोन बोल्ट टेबलावर ठेवले, अकरा वर्षं तेल लावून जपलेले.