तिसरीचं नाव

हॉस्पिटलच्या फॉर्मवर बाळाच्या नावाचा तेवढा रकाना रिकामा होता. दुपारी घरी जायच्या आत तो भरायचा होता.

"नकुशी लिही," सुमित्राबाई सुनेला म्हणाल्या. तिसरीही मुलगीच झाली. आता नाव नकुशी ठेवलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो. ही अक्कल त्यांनी साताऱ्याहून अमेरिकेत नेपरव्हिलला येताना लोणच्याच्या बरणीबरोबर आणली होती.

"मृणालिनी," पद्मिनी म्हणाली. दोन दिवस ती हेच सांगत होती आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं. आता तिचा आवाज चिरकला.

नवरा खिडकीतून बर्फ बघत उभा. बाहेर मोठा इंजिनियर, आईपुढे मात्र तोंडात मिठाची गुळणी. शेवटी बोलला तेही काय, तर "लिहून टाक ना यार. आईला बरं वाटेल. इथे अमेरिकेत कुणाला मीनिंग कळणारे?"

पद्मिनीनं पेन भिरकावलं. ते उचलायला नर्स वाकली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, येतेर. ती तुर्की होती. काय झालं, असं तिनं विचारलं आणि पद्मिनीनं संतापाच्या भरात सगळं सांगून टाकलं. नकुशी म्हणजे नको असलेली, हेसुद्धा.

नर्सनं पेन तिच्या हातात ठेवलं. "येतेर म्हणजे पुरे," ती इंग्रजीत म्हणाली. "मी पाचवी मुलगी. इथे माझ्या नावाचा अर्थही कुणाला कळत नाही. मला कळतो."

"काय म्हणते ती?" सुमित्राबाईंनी विचारलं. पद्मिनीनं शब्द न् शब्द सांगितला.

"मग झाला का हिला भाऊ? विचार."

पद्मिनीनं विचारलं. नर्सनं दोन बोटं वर केली. "आणखी दोन बहिणी."

सुमित्राबाईंनी त्या दोन बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या पाठीवर चौघी."

"म्हणजे?" मुलगा खिडकीपासून वळला.

"सुमित्रा हे नाव लग्नात तुझ्या वडिलांनी तांदळात लिहिलं. तोवर अठरा वर्षं मी नकुशीच होते."



तेवढ्यात पोर रडायला लागली. सुमित्राबाईंनी सवयीनं तिला उचललं. "उगी गं, उगी माझी..." आणि त्या अडल्या. पोर रडतच होती. त्या सुनेवर चिडूनच म्हणाल्या, "ते तुझं लांबलचक नाव काय होतं? सांग परत."