तिसरा नियम

सहा सामने झाले आणि दोन संघांचे गुण सारखे निघाले. फिजाने लॅपटॉपवरची बेरीज पुन्हा करून पाहिली. जानेफळ सत्त्याऐंशी, वरवट बकाल सत्त्याऐंशी. बरोबरी झाली तर ज्यांनी जास्त गडी टिपले तो संघ वर, असं तिनेच नियमात लिहिलं होतं. गडीही दोघांनी एकोणचाळीस-एकोणचाळीसच टिपलेले. नियमांचा कागद तिथेच संपत होता.

चिखलीतलं ते मोबाईलचं दुकान तिच्या भावाचं, जुनेदचं. चार-चार जणांच्या संघांनी आपापल्या गावातून फोनवर खेळायची ही लढाईच्या गेमची स्पर्धा त्यानेच भरवली होती, आणि 'तुझं गणित चांगलं' म्हणत नियम बहिणीच्या गळ्यात घातले होते. बारा गावांचे बारा संघ, तीन दिवस, रोज दोन सामने. नागपूरच्या अंतिम फेरीला त्यातला एकच जाणार होता, आणि त्याचं नाव आज पाचच्या आत कळवायचं होतं. चार वाजून गेले होते.

"टॉस कर," जुनेद एका फोनची काच बसवता बसवता म्हणाला.

वरवट बकालचा कप्तान सकलैन फोनवरच होता. त्याने ते ऐकलं. "टॉसच करायचा होता तं सहा मॅच काऊन खेळवल्या, ताई?"

पुन्हा सामना घ्यावा तर त्यांच्याकडे भारनियमन सुरू झालेलं, टॉवर कधी जाईल त्याचा नेम नाही. फिजाने फोन ठेवला आणि पेन उचललं.

तिसरा नियम लिहायला काय लागतं? ज्यांचे पहिले नंबर जास्त, तो संघ वर. पण जानेफळ दोनदा पहिलं आलं होतं, वरवट बकाल एकदाही नाही. म्हणजे हे लिहिलं की जानेफळ जिंकलं. बरं, ज्यांचा सगळ्यात वाईट सामना कमी वाईट, तो संघ वर. पण वरवट बकाल चौथ्याच्या खाली कधी गेलंच नव्हतं, आणि जानेफळ काल एका सामन्यात थेट बारावं. म्हणजे हे लिहिलं की वरवट बकाल. दोन्ही नियम तिला सारखेच खरे वाटत होते, आणि कुठलाही लिहायला घेतला की जिंकणाऱ्याचं नाव आधीच समोर येत होतं. तिने दोन्ही खोडले.

बाकड्यावर आशाबाई बसली होती. काच तिच्याच फोनची फुटली होती.

"मावशी, एक सांगा," फिजा म्हणाली. "एक जण दोनदा पहिला आला, पण एकदा पार शेवटचा. दुसरा कधीच पहिला नाही, पण कधी फार खालीबी नाही. कोण चांगला?"

"कोण हायेत ते?"

"ते नाही सांगत."

"न पाह्यलेल्या माणसाचा न्याय मी कसा करू?"

"म्हणूनच तुमाले इचारते."

आशाबाईने पदराने तोंड पुसलं. "एका वेचणीले गाडीभर कापूस, अन् दुसऱ्या वेचणीले बोंड फोडलं की गुलाबी अळी. अशा वावराले कोण चांगलं म्हणन? बेताचं पिको, पण घरात येवो. तो दुसरा बरा."

फिजाला सुटल्यासारखं झालं. तिने नियम लिहिला, फोटो काढून सगळ्या संघांच्या ग्रुपवर टाकला, नागपूरला नाव कळवलं. वरवट बकालच्या पोरांनी ग्रुपवर फटाके फोडले.

दहा मिनिटांनी जानेफळची कप्तान डिंपल हिचा फोन आला. ती अकरावीत होती. तिचा भाऊ प्रज्वलही त्याच संघात.

"ताई, हा नियम कवा लिहिला?"

"आत्ता," फिजा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

 डिंपलचा आवाज एकदम खाली आला. "कालच्या मॅचमदी आम्ही बारावे आलो ना, तवा मी अन् प्रज्वल मधातूनच उठलो होतो. बाबा कपाशीवर फवारून राह्यले होते, तिथंच पडले. उचलून मेहकरले दवाखान्यात नेलं."

"आता कसे आहेत?"

"बरे हायेत. आज सकाळी घरी आणलं."

"अगं, मग कालच काऊन नाही सांगितलं? मी ती मॅच पुन्हा घेतली असती."

"ग्रुपवर सांगा लागलं असतं, ताई. 'फवारणीचं औषध लागलं' म्हटलं की लोक इचारतात, लागलं का मुद्दाम घेतलं?"

फिजाने घड्याळ पाहिलं. पाचला अजून सात मिनिटं होती. "मी नागपूरले फोन लावते. निकाल बदलते."

"नको. बदलला तं कारण सांगा लागन." मग डिंपल म्हणाली, "म्या फक्त तुमाले सांगतलं. आम्ही खराब खेळलो असं तुमाले वाटू नये म्हणून."

फोन बंद झाला. पाच वाजेपर्यंत फिजा घड्याळाकडे पाहत बसली. चूक नियमाची होती, की तिची, की कोणाचीच नाही, तिला काही कळेना. आशाबाईने तर नाव न विचारता, तोंड न पाहता न्याय केला होता. आणि तोंड पाहिलं असतं तर केलेला न्याय न्याय राहिला असता का, हेही तिला सांगता येईना.

शेवटी तिने कागद पुढे ओढला आणि खाली चौथा नियम लिहिला.

'सामना चालू असताना कोणाला उठावं लागलं, तर तो सामना पुन्हा होईल. कारण विचारलं जाणार नाही.'

"आता काय लिहिलं?" नव्या काचेचा फोन कमरेला खोचत आशाबाईने विचारलं. फिजाने वाचून दाखवलं.

आशाबाई हसली. "अवं, मंग हारायले लागला की कोणीबी उठन."

ते खरंच होतं. फिजाने पेन त्या ओळीवर नेलं, थोडा वेळ तसंच धरलं. मग काही न खोडता टोपण लावलं.