रांगेतला शेवटचा

लेकीचं, मार्थाचं लग्न झालं त्या साली म्हातारा एल्डन ओहायोतल्या कॉलेजच्या आपल्या जुन्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळात, परत आला. दीक्षा घेणारी नवी पोरं डोळ्यांवर पट्टी बांधून, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून तळघरात उतरणार होती.

"एल्डनदादा, गुडघे साथ देतील का?" प्रमुख पोरगा हसला. तिथे म्हाताऱ्यालाही दादाच म्हणत.

"शेवटी मी चालतो. या खेपेला कुणी पडता कामा नये."

त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

चौथ्या पायरीवर त्याच्या खांद्यावर एक गार हात पडला.

"बाबा, सावकाश चला. मला दिसत नाहीये."

एल्डननं मागे वळून पाहिलं नाही. तो हात त्यानं घट्ट धरून ठेवला.

बापाच्याच हट्टापायी दीक्षेला आलेला त्याचा मुलगा रोलंड सहा वर्षांपूर्वी, बारा ऑक्टोबरला, याच जिन्यावरून पडून वारला होता.