दुसरी वाटी

रोज सकाळी बोटातला रक्ताचा थेंब तपासून स्वयंपाकाचं यंत्र घरातल्या प्रत्येकाचं ताट ठरवत असे. त्याच्या पथ्यामुळे सगळ्यांची वजनं उतरली. गोड मात्र घरातून कायमचं गेलं. आज मथुराबाईंच्या मुलाच्या, हेमंतच्या ताटात तुपाने थबथबलेला शिरा आला.

"आई, बघ! यंत्राला माझी दया आली!"

"आणि आम्ही दुधीच गिळायचा!" सून फणकारली.

मथुराबाईंचा घास हातातच राहिला. यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "आता यांना हवं ते खाऊ द्या."

हेमंतने वाटी चाटूनपुसून पुढे केली. "अजून मिळेल?"

यंत्राने ती काठोकाठ भरली.

"सावकाश खा रे, बाळा," मथुराबाई म्हणाल्या.