एकशे एक्केचाळिसावा

ऑक्टोबरच्या उन्हात केरबा मोटे माळावर दुर्बीण लावून बसला होता. वर एकशे चाळीस भोवत्ये घिरट्या घालत होते. सगळे बॅटरीवाले. खरे भोवत्ये, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे शिकारी पक्षी, यायचे थांबले, तेव्हा पर्यटक कमी होऊ नयेत म्हणून वनखात्याने हे प्लॅस्टिकचं थोतांड उडवलं होतं. यंदा एकही खरा दिसला नाही, तर केरबाचं पक्षीमोजणीचं काम कायमचं बंद होणार होतं.

त्याची खूण साधी होती. कोतवाल पक्षी ज्याच्या मागे लागतो, तो खरा. चार वर्षं या खेळण्यांसाठी कोतवाल तारेवरून हलला नव्हता. आज तो एकाच्या पाठीवर तुटून पडला.

केरबाने खात्याच्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, खरा आलाय! उत्तरेकडून!"

"सोबत कोण आहे? नोंदीला दोन माणसं लागतात."

"माझ्या जोडीच्या सदूला तुम्हीच कामावरून काढलंत की!"

"मग नोंद नाही, मोटे. यंत्रात एकशे चाळीसच दिसतायत."

"यंत्र तुमचीच खेळणी मोजतंय, बाई!"

फोन कट झाला.

संध्याकाळी खात्याचे पक्षी चार्जिंगला टॉवरवर गेले. खरा थोडा त्यांच्या मागे उडाला, मग परतून एकटाच गवतात उतरला. भोवत्ये एरवी थव्याने जमिनीवर झोपतात.

रोज सहाला घरी जाणारा केरबा आज गेला नाही. पन्नास पावलांवर, आवाज न करता, तोही गवतात आडवा झाला.